मिरज-कुर्डुवाडी पॅसेंजर: गाडीला चार स्टार, लाइनला पाच

सांगली-मिरजेकडून सांगोला, पंढरपूरला जायचं असेल आणि घाई नसेल तर ही पॅसेंजर घ्या असं मी सगळ्यांना सांगतो. तिकीट एसटीच्या मानाने खूपच कमी, एरवी बसायला जागा मिळते, कवठेमहांकाळच्या बाजूला द्राक्षबागा आणि पुढं सांगोल्याकडं डाळिंब, बघत बघत वेळ जातो. सिंगल लाइन आहे त्यामुळं समोरच्या गाडीला वाट द्यायला क्रॉसिंगला थांबावं लागतं, पुढचं काम वेळेवर गाठायचं असेल तर अंदाज धरून निघा. आषाढी-कार्तिकीला मात्र डब्यात पाय ठेवायला जागा नसते.

पण मला बोलायचंय ते लाइनबद्दल, कारण डबे रिकामे दिसले की आपलेच लोक म्हणतात एवढ्या खर्चाची ही लाइन हवी कशाला. अहो, ही मूळची बार्शी लाइट रेल्वे, कॅलथ्रॉप इंजिनियरची अडीच फुटी नॅरोगेज, 1897 ला सुरू झाली, पुढं एकीकडं लातूर आणि दुसरीकडं 1927 ला मिरजेपर्यंत आली. परवडत नाही म्हणून ती तेव्हाच उखडून टाकली असती आणि ब्रॉडगेज केलीच नसती, तर 2016 च्या एप्रिलमधे दुष्काळात लातूरला पाणी कसं नेलं असतं सांगा? कृष्णेचं पाणी मिरजेत वाघिणींमधे, म्हणजे मालगाडीच्या टाकीच्या डब्यांमधे भरलं आणि ह्याच रुळांवरून 342 किलोमीटर गेलं, पहिल्या खेपेला 10 वाघिणी म्हणजे 5 लाख लिटर, नंतर तर 50 वाघिणींची गाडी एका खेपेला 25 लाख लिटर न्यायची. एवढं पाणी टँकरने रस्त्यावरून न्यायचं म्हणजे किती टँकर, किती डिझेल, हिशोब करून बघा.

आणि एकट्या पाण्याचंच नाही. देशातली शंभरावी किसान रेल, म्हणजे शेतमाल नेणारी गाडी, 28 डिसेंबर 2020 ला सुटली ती सांगोल्यातूनच, थेट बंगालमधल्या शालिमारला. म्हणजे माल आहे, रूळ आहेत, आमच्या शेतकऱ्याचं डाळिंब ट्रकमधे तापत जायची गरज नाही, अशा गाड्या नियमित पाहिजेत.

नकाशा उघडून बघा, बेळगाव-कोल्हापूरकडचा माल सोलापूर-लातूरला न्यायचा तर पुण्यावरून म्हणजे आधी आदर्की, शिंदवणेचा घाट चढायचा, मग पुणे-दौंडच्या गर्दीत एक्सप्रेस गाड्यांना वाट देत उभं राहायचं आणि मग खाली कुर्डुवाडीला यायचं. मिरजेवरून सरळ कुर्डुवाडी गाठली तर अंतर निम्म्याहून कमी. साखर, सिमेंट, खत, हे सगळं इकडून वळवलं तर तिकडची लाइन मोकळी होईल आणि इकडचे रूळ कामाला लागतील, दोन्हीकडं फायदा. फक्त त्यासाठी क्रॉसिंगची स्टेशनं वाढवायला हवीत आणि कवठेमहांकाळ, सांगोल्याला माल चढवायला चांगला धक्का आणि शेड हवी.

एक स्टार कापलाय तो दिवसाला गाड्या फार कमी आहेत म्हणून, सकाळची चुकली तर पुढची कधी ते बघूनच घरातून निघा.