"ऑरगॅनिक डीएपी" घेताय? आधी हे वाचा

मागच्या सीझनला एका झाडांच्या प्रदर्शनात स्टॉलवाल्याने मला "ऑरगॅनिक डीएपी" नावाचं खत विकलं, अर्धा किलो अडीचशे रुपये. काळे चकचकीत दाणे, पाकिटावर टपोऱ्या गुलाबाचा फोटो, आणि बोलणं असं की ताई एक चमचा टाका, पंधरा दिवसांत कळ्याच कळ्या, नत्र (नायट्रोजन), स्फुरद (फॉस्फरस), पालाश (पोटॅश) सगळं आहे यात.

दोन महिने टाकलं, गुलाबाला ढिम्म फरक नाही. मग गावाकडून काका आले, शेतीच करतात, त्यांनी दाणे बघितले आणि डायरेक्ट तंबाखूची डबी काढली. तळहातावर चार दाणे, त्यावर चुना, आणि अंगठ्याने चोळले. खरं डीएपी असेल तर नाकात जाणारा उग्र वास येतो, अमोनियाचा. इथे काहीच नाही, नुसता काळा चिखल झाला हाताला. उरलेले दाणे पाण्यात टाकले तर रंग सुटला आणि तळाला गाळ बसला, म्हणजे रंगवलेली मातीच की!

काका म्हणाले, अगं डीएपी म्हणजे डायअमोनियम फॉस्फेट, ते रासायनिकच असतं, ऑरगॅनिक कुठून होणार? गोणीवर १८:४६:० लिहिलेलं असतं, म्हणजे १८ टक्के नत्र, ४६ टक्के स्फुरद आणि पालाश शून्य. म्हणजे पालाश आहे म्हणाला तिथेच तो खोटं बोलला. आणि शेतकऱ्याला ५० किलोची गोणी १३५० ला मिळते, किलोला २७ रुपये (सबसिडी धरून, पण तरी!).

माझ्या पाकिटावर हे तीन आकडे नव्हतेच, बॅच नंबर नाही, कंपनीचा पत्ता नाही. रासायनिक खताच्या पाकिटावर ग्रेड, म्हणजे हेच आकडे, छापावीच लागते. आणि गांडूळखतासारख्या सेंद्रिय खतात नत्र एखाद टक्काच असतं, त्यामुळे कोणी ऑरगॅनिक म्हणून १८ टक्के सांगत असेल तर तिथेच समजा.

स्टॉलवाल्याला फोन केला तर म्हणे तुमच्या बाल्कनीत ऊन कमी पडतंय. टेरेसवर आहेत हो कुंड्या, दिवसभर ऊन! नंतर नंबर ब्लॉक.

कोणाकडे असलं पाकीट असेल तर फेकू नका, थोडे दाणे आणि बिल ठेवा, तालुक्याच्या कृषी अधिकाऱ्याकडे तक्रार देता येते. मला बिलच दिलं नव्हतं. आणि सध्या तोच माणूस तसलेच दाणे "बायो पोटॅश" नावाने विकतोय, ते पण तीनशेला.