सुप्रीम कोर्टाचं लाईव्ह स्ट्रीमिंग: फुकट आहे, लांबलचक आहे, पण एकदा बघाच

सुप्रीम कोर्टाच्या यूट्यूब चॅनलवर घटनापीठाच्या, म्हणजे राज्यघटनेच्या अर्थाचे प्रश्न ठरवणाऱ्या पाच किंवा जास्त न्यायाधीशांच्या पीठाच्या, सुनावण्या लाईव्ह दिसतात हे अजून बऱ्याच जणांना माहीतच नाही, आणि ज्यांना माहितीये त्यातले निम्मे पाच मिनिटांत बंद करतात. कारण उघडलं की काय दिसतं, तर एक वकील पान नंबर सांगतोय आणि पाच न्यायाधीश ते पान शोधताहेत. कंटाळा येणारच. पण जरा दम धरून बसलात ना, तर आपल्या देशात कुणाचा अधिकार कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो हे ठरताना डोळ्यांसमोर दिसतं, आणि तेही एक रुपया न देता. मी राज्यशास्त्र शिकवते, त्यामुळे माझं हे रोजचं काम आहे असं म्हणा हवं तर, पण हा रिव्ह्यू मी विद्यार्थ्यांसाठी नाही, घरी टीव्हीवर बातम्या बघणाऱ्यांसाठी लिहितेय.

थोडी पार्श्वभूमी. २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टानेच स्वप्नील त्रिपाठी खटल्यात सांगितलं की महत्त्वाच्या सुनावण्या लोकांना लाईव्ह दिसायला पाहिजेत. प्रत्यक्षात सुरू व्हायला चार वर्षं गेली, मधल्या काळात गुजरात हायकोर्ट पुढे निघून गेलं. शेवटी २७ सप्टेंबर २०२२ ला घटनापीठांची सुनावणी लाईव्ह झाली आणि पहिल्याच दिवशी जी प्रकरणं होती त्यातलं एक आपलंच, म्हणजे शिवसेनेच्या फुटीचं, आणि दुसरं आर्थिक मागासांच्या दहा टक्के आरक्षणाचं. यापेक्षा चांगली सुरुवात कुठली असणार!

शिवसेनेची सुनावणी मी जवळजवळ सगळी बघितली आणि माझं मत सगळं त्यावरच बनलंय. टीव्हीवर तेव्हा एकच चर्चा, ठाकरे जिंकणार की शिंदे जिंकणार. कोर्टात मात्र प्रश्नच वेगळे चालले होते. राज्यपालांना बहुमत चाचणी बोलवायचा अधिकार आहे, मान्य, पण ती कशाच्या आधारावर बोलवायची? व्हीप, म्हणजे आमदारांना पक्षाचा आदेश देणारा प्रतोद, कोण नेमणार, पक्ष की आमदारांचा गट? उपाध्यक्षांना हटवायची नोटीस असताना ते आमदारांच्या अपात्रतेचा निर्णय देऊ शकतात का? एकेका प्रश्नावर तास तास. मार्च २०२३ मध्ये शेवटच्या दिवसांत सॉलिसिटर जनरल तुषार मेहता राज्यपालांची बाजू मांडत होते तेव्हा सरन्यायाधीश चंद्रचूड यांनी त्यांना जे धरलं ते बघण्यासारखं होतं: तीन वर्षं सरकार सुखाने चाललं आणि एका रात्रीत असं काय झालं, आमदार नाराज आहेत म्हणून राज्यपाल बहुमत सिद्ध करा म्हणायला लागले तर त्यांच्याच कृतीने सरकार पडणार नाही का. आता हे ऐकून कुणालाही वाटेल की ठाकरे जिंकले. आणि लगेच दुसऱ्या दिवशी त्याच पीठाने दुसऱ्या बाजूला विचारलं की मुख्यमंत्र्यांनी तर बहुमत चाचणीला सामोरं न जाताच राजीनामा दिला, मग ते सरकार आम्ही परत कसं आणायचं?

त्या दोन दिवसांत अख्खा निकाल होता हो. ११ मे २०२३ ला पाचही न्यायाधीशांनी एकमताने तेच सांगितलं, राज्यपालांचा निर्णय चुकीचा, भरत गोगावलेंना प्रतोद म्हणून मान्यता देणं बेकायदा कारण व्हीप राजकीय पक्ष नेमतो, विधिमंडळ पक्ष नाही, पण राजीनामा दिलेला असल्यामुळे जुनी स्थिती परत आणता येत नाही, आणि अपात्रता अध्यक्षांनीच वाजवी वेळेत ठरवावी. दुसऱ्या दिवशी माझ्या ओळखीतले लोक चिडले होते, दोन्ही बाजूंचे, की हा काय निकाल आहे, सगळं चुकलं म्हणता आणि सरकार तेच ठेवता. ज्यांनी सुनावणी बघितली होती त्यांना निकाल पटला असेल नसेल, पण तो कुठून आला ते कळलं होतं. कोर्ट सरकार बसवत नाही की उतरवत नाही, कुणी कुणाच्या हद्दीत पाय टाकला तेवढं बघतं. आणि स्वतःच्या हद्दीचाही त्याला विचार करावा लागतो, म्हणून अपात्रतेचा निर्णय अध्यक्षांकडे गेला. तो यायला जानेवारी २०२४ उजाडलं, ही वाजवी वेळ होती का यावर मी अजूनही भांडायला तयार आहे.

त्याच दिवशी, त्याच पाच न्यायाधीशांनी दिल्लीचाही निकाल दिला, की पोलीस, कायदा सुव्यवस्था आणि जमीन सोडून बाकी अधिकाऱ्यांवर ताबा निवडून आलेल्या दिल्ली सरकारचा. आठच दिवसांत केंद्राने अध्यादेश काढून तो ताबा परत घेतला आणि ऑगस्टमध्ये संसदेत कायदाही केला. म्हणजे निकाल आला की विषय संपतो असं नाही, कोर्ट राज्यघटनेचा अर्थ सांगतं, संसद कायदा बदलून उत्तर देते, मग तो कायदा पुन्हा कोर्टात जातो. आपल्याकडे मराठा आरक्षणात हेच झालं. मे २०२१ मध्ये कोर्टाने पन्नास टक्क्यांच्या मर्यादेमुळे आपला २०१८ चा कायदा रद्द केला आणि वर तीन विरुद्ध दोन असं ठरवलं की १०२ व्या घटनादुरुस्तीनंतर मागासवर्ग ठरवायचा अधिकारच राज्यांकडे राहिला नाही, की लगेच संसदेने १०५ वी दुरुस्ती करून तो अधिकार राज्यांना परत दिला. तेव्हा लाईव्ह नव्हतं याची मला खरंच हळहळ वाटते. गावागावात ज्या विषयावर मोर्चे निघाले त्याची सुनावणी लोकांनी स्वतःच्या कानांनी ऐकायला पाहिजे होती, पन्नास टक्के कुठून आले, ती मर्यादा घालणारा इंद्रा साहनी निकाल म्हणजे काय, हे सगळं तिथे बोललं गेलं आणि आपल्यापर्यंत आलं ते फक्त 'रद्द' एवढंच.

आर्थिक मागासांच्या प्रकरणाचा निकाल मात्र लाईव्ह वाचला गेला, ७ नोव्हेंबर २०२२. तीन विरुद्ध दोन. दहा टक्के आरक्षणाची घटनादुरुस्ती टिकली, पण सरन्यायाधीश उदय लळीत स्वतः अल्पमतात होते, न्यायमूर्ती रवींद्र भट यांच्या बाजूने. पहिल्यांदा बघणाऱ्याला याचं फार आश्चर्य वाटतं, की सरन्यायाधीशच हरले? हो, त्यांचंही मत एकच धरतात. माझ्या क्लासमधल्या एका मुलीने विचारलं होतं की मग अल्पमताचा निकाल लिहायचाच कशाला, आणि मला वाटतं भट यांचं ते निकालपत्र तिने वाचलं तेव्हा तिला उत्तर मिळालं. गरिबीच्या आधारावर आरक्षण द्यायचं आणि सगळ्यात गरीब असलेल्या दलित आदिवासींनाच त्यातून वगळायचं हे समानतेत बसतं का, हा प्रश्न त्यामुळे कागदावर कायमचा राहिला.

केंद्र विरुद्ध राज्य असं काही बघायचं असेल तर नऊ न्यायाधीशांची पीठं बघा. जुलै २०२४ मध्ये आठ विरुद्ध एक असा निकाल आला की खाणींची रॉयल्टी म्हणजे कर नव्हे, आणि खनिजांवर कर लावायचा अधिकार राज्यांना आहे, म्हणजे १९८९ चा सात न्यायाधीशांचा निकाल चुकीचा ठरला. पुढे ऑगस्टमध्ये सांगितलं की राज्यं १ एप्रिल २००५ पासूनची थकबाकी मागू शकतात, पण ती बारा वर्षांत हप्त्याहप्त्याने. ऑक्टोबरमध्ये पुन्हा आठ विरुद्ध एक, या वेळी कारखान्यातल्या अल्कोहोलवर नियंत्रण कुणाचं, तेही राज्यांकडे. दोन्ही वेळा विरोधात एकट्या न्यायमूर्ती नागरत्ना. साखर कारखाने आणि डिस्टिलरीच्या पट्ट्यात राहणाऱ्यांनी तर ही सुनावणी बघायलाच हवी, आपल्या इथल्या मळीपासून निघणाऱ्या स्पिरिटचा विषय आहे हा, राज्याच्या तिजोरीचा आहे. पण सांगून ठेवते, ही सगळ्यात जड आहे, केंद्र आणि राज्यांचे विषय वाटून देणाऱ्या, राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतल्या नोंदी समोर उघडून बसल्याशिवाय काही कळणार नाही.

आता सोबतच्या सोयी. फेब्रुवारी २०२३ पासून, म्हणजे शिवसेनेच्याच सुनावणीपासून, एआय वापरून सुनावणीचं लेखी ट्रान्सक्रिप्ट तयार होतं आणि ते कोर्टाच्या वेबसाइटवर मिळतं. मला विचाराल तर व्हिडिओपेक्षा हे जास्त कामाचं. पाच तासांचं चाळायला अर्धा तास पुरतो, कोण काय म्हणालं ते शोधता येतं. त्याआधी महिनाभर ई-एससीआर, म्हणजे कोर्टाच्या निकालांचं ऑनलाइन भांडार, सुरू झालं, त्यात सुरुवातीलाच चौतीस हजारांच्या आसपास निकाल फुकट टाकले. पूर्वी यासाठी महागडी लायब्ररी किंवा ओळखीचा वकील लागायचा, आता तालुक्याच्या गावातला पोरगा मोबाईलवर केशवानंद भारतीसारखा गाजलेला निकाल उघडतो.

भाषेचं मात्र दुखणं आहे. सुनावणी इंग्रजीत, निकाल इंग्रजीत, ते राज्यघटनेच्या कलम ३४८ मुळे, त्यात कोर्टाची चूक नाही. काही निकालांची मराठी भाषांतरं टाकलेली आहेत, अधिकृत मात्र इंग्रजी निकालच धरतात. ही भाषांतरं अजून खूप वाढायला हवीत, आणि निदान महाराष्ट्राशी थेट संबंध असलेली घटनापीठाची निकालपत्रं तरी निकालासोबतच मराठीत यावीत असं मला मनापासून वाटतं. ज्या निकालाने आपलं सरकार कायदेशीर की बेकायदेशीर ते ठरतं तो आपल्याला आपल्या भाषेत वाचता येऊ नये हे बरोबर नाही.

एक सावधगिरी. रील्सवर विश्वास ठेवू नका. न्यायाधीशाने वकिलाला विचारलेला प्रश्न म्हणजे त्यांचं मत नसतं, कित्येकदा उलटी बाजू तपासायलाच ते कडक विचारतात. वर सांगितलेल्या राज्यपालांच्या प्रश्नाचीच क्लिप तेव्हा ग्रुपवर फिरली असेल तर बघणाऱ्याला अर्धंच चित्र दिसलं. पूर्ण बघा नाहीतर ट्रान्सक्रिप्ट वाचा. आणि हो, सप्टेंबर २०२४ मध्ये हे चॅनल हॅक होऊन त्यावर क्रिप्टोच्या जाहिराती दिसल्या होत्या, त्यामुळे लिंक कोर्टाच्या वेबसाइटवरूनच उघडा.

सुरुवात कुठून करायची असं कुणी विचारलं तर मी २०२५ चं राष्ट्रपतींचं प्रकरण सांगेन. एप्रिलमध्ये दोन न्यायाधीशांनी तामिळनाडूच्या राज्यपालांनी अडवलेली दहा विधेयकं मंजूर झाल्याचं मानलं आणि विधेयकांवर निर्णय घ्यायला राज्यपाल आणि राष्ट्रपतींना मुदती ठरवून दिल्या, त्यावर राष्ट्रपतींनी कलम १४३ खाली, म्हणजे कोर्टाचं मत मागायच्या अधिकारात, चौदा प्रश्न विचारले. ऑगस्ट सप्टेंबरमध्ये पाच न्यायाधीशांपुढे सुनावणी झाली, त्यात आपले दोघं, अमरावतीचे तेव्हाचे सरन्यायाधीश गवई आणि न्यायमूर्ती चांदूरकर. महाराष्ट्र सरकार केंद्राच्या बाजूने होतं, हरीश साळवे बोलले. तामिळनाडू, केरळ, पश्चिम बंगाल दुसऱ्या बाजूला. २० नोव्हेंबरला उत्तर आलं की कोर्ट मुदती घालू शकत नाही, मंजुरी मानूनही घेता येत नाही, पण राज्यपाल विधेयक दाबून बसूही शकत नाहीत आणि विनाकारण लांबवलं तर निर्णय घ्या एवढं कोर्ट सांगू शकतं. मला हे उत्तर अपुरं वाटतं, निवडून आलेल्या विधानसभेचं विधेयक किती दिवस पडून राहिलं म्हणजे 'लांबवलं' ते कोण ठरवणार? पण वाद समजायला सोपा आहे, दोन्ही बाजू तगड्या आहेत, राज्यपालांच्या मंजुरीचं कलम २०० एवढं एक पान वाचून बसलात तरी पुरे.

मुंबई हायकोर्टानेही २०२५ मध्ये काही पीठांचं स्ट्रीमिंग सुरू केलंय, ते अजून मी फारसं बघितलेलं नाही. रेटिंग द्यायचं तर पाचपैकी साडेचार, अर्धा मराठीसाठी कापला. आणि एक मागणी आहे. बेळगाव, कारवार, निपाणीच्या सीमाप्रश्नाचा महाराष्ट्राचा दावा २००४ पासून कलम १३१ खाली सुप्रीम कोर्टात आहे, दोन राज्यांमधलं भांडण थेट तिथेच जातं म्हणून. तो अंतिम सुनावणीला येईल तेव्हा पहिल्या मिनिटापासून शेवटपर्यंत लाईव्ह दाखवा, सीमाभागातली मराठी माणसं दोन पिढ्या त्याची वाट बघताहेत.