व्ही-क्रॉसचं नाक वर केलं, आणि बाबा म्हणाले ‘उलाळ’

माझी इसुझू व्ही-क्रॉस पिकअप 2018 ची, 2.5 लिटर डिझेल. घेतली तेव्हापासून एक गोष्ट डोळ्यात खुपायची. रिकामी उभी असली की मागून उचललेली, पुढून वाकलेली, हौदावर पाणी प्यायला लागलेल्या बैलासारखी. कापसाच्या जिनिंगच्या वजनकाट्यावर नेऊन टेप लावला, कारण गावात सपाट जागा तेवढीच. जमिनीपासून चाकाच्या वरच्या कमानीपर्यंत पुढे 84 सेंटीमीटर, मागे 89.5.

ही कंपनीची चूक नव्हे. मागे पाटे, म्हणजे लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगा आहेत आणि ते भाराचा हिशेब धरून बसवलेत. डाल्यात, म्हणजे मागच्या उघड्या भागात, माल पडला की मागची बाजू खाली येते, गाडी सपाट होते. हे मला आधीही ठाऊक होतं. तरी खर्च केला, कारण 92 हजार किलोमीटर झाल्यावर पुढचे दोन्ही शॉकअप तेल सोडायला लागले होते. आणि हौस होतीच, ती कशाला लपवा.

स्वस्तातला उपाय म्हणजे शॉकअपच्या डोक्यावर लोखंडी स्पेसर, म्हणजे उंची वाढवणारी जाड चकती. वरूडलाच एकानं सुचवला होता. एक इंचाचा टाकला तर गाडी जवळपास दोन इंच उठते, कारण शॉकअप चाक धरणाऱ्या आर्मच्या मधे बसतो, चाकावर नाही. पण मेलेला शॉकअप त्यानं जिवंत होत नाही. शिवाय खड्ड्यात चाक लोंबकळलं की बॉल जॉइंट आणि अ‍ॅक्सलच्या रबरी बुटावर ताण येतो. आमच्या पांदणीत चाक दर दहा पावलांवर लोंबकळतं.

म्हणून ओल्ड मॅन एमूचे नायट्रोचार्जर शॉकअप आणि त्यांच्याच स्प्रिंगा घेतल्या. माल ऑस्ट्रेलियाच्या एआरबी कंपनीचा, आत तेलासोबत नायट्रोजन गॅस. यात स्प्रिंग निवडताना डोकं लावा. एकाच गाडीसाठी वेगवेगळ्या ताकदीच्या स्प्रिंगा येतात: पुढे काही न लावलेल्या गाडीला वेगळी, बुलबारवाल्या (पुढे जाड लोखंडी गज लावलेल्या) गाडीला त्याहून कडक. आपल्याकडे बुलबारवर 2017 पासून बंदी आहे, त्यामुळे कडक स्प्रिंग घेण्याचं कारणच नाही. घेतली तर नाक आणखी वर आणि बसणाऱ्याची कंबर खिळखिळी. मी साधी घेतली. मजुरीसकट 46 हजार लागले. घरी आकडा थोडा कमी सांगितला आहे.

काम नागपूरच्या एका दुकानात केलं. दुकान चकाचक, एसीत बसवून चहा दिला, पण कामाला मी पाचातले दोनच गुण देईन. नाक वर केलं की पुढच्या चाकांचा कोन बदलतो, अलाइनमेंट करावीच लागते. त्यांचं मशीन बंद होतं. “चालवा 500 किलोमीटर, मग या,” म्हणाले. काटोलच्या पुढे स्टिअरिंग डावीकडे ओढायला लागलं. दुसऱ्या दिवसापासून ब्रेकरवर चर्र-चर्र आवाज. दोन आठवड्यांत डावा टायर बाहेरच्या कडेनं घासलेला दिसला तेव्हा मात्र माझं टाळकं सरकलं.

आवाजाचं निदान आमच्या गावच्या मिस्त्रीनं पाच मिनिटांत केलं. गाडीखाली शिरला आणि तिथूनच ओरडला, “भाऊ, हे बुश हवेत आवळले त्यायनं!” म्हणजे गाडी जॅकवर, चाकं लोंबकळत असतानाच खालच्या आर्मचे नट पक्के केले होते. गाडी जमिनीवर आली की रबरी बुश पिळलेलाच राहतो. त्यानं नट ढिले केले, गाडी चाकांवर उभी केली, दोन-चार झोके दिले आणि मग पुन्हा आवळले. आवाज गेला. 300 रुपये घेतले, तेही मीच बळजबरीनं दिले. अलाइनमेंट अमरावतीला करून घेतली.

आता खुद्द शॉकअपबद्दल. पुढची उंची 88 झाली, म्हणजे 4 सेंटीमीटर वाढली. मागची बाजू अजून दीड सेंटीमीटर वर आहे आणि ती तशीच असू द्यावी. नाल्याच्या रपट्यावर उतरताना पुढचा बंपर घासायचा, तो आता घासत नाही. पण पैसे वसूल झाले ते उंचीनं नाही, शॉकअपच्या दमानं. पूर्वी पांदणीत काळ्या मातीच्या वाळलेल्या चाकोऱ्यांवर गाडी नाक खुपसायची, मग उसळायची, मग पुन्हा खुपसायची. आता एकदाच बसते आणि गप्प होते. ब्रेक मारल्यावर पुढे झुकणंही कमी झालं. ज्यांना फक्त गाडी सपाट दिसायला हवी आहे त्यांना मात्र 46 हजार फार होतात.

खरी परीक्षा आंबिया बहराच्या तोडणीत झाली. बागेतून संत्र्याचे 20 क्रेट भरले, अंदाजे 4 क्विंटल. मागची कमान 84 वर आली, पुढची 88 वरच. बाबा बांधावर उभे होते. “काय बाप्पा, येवढे पैसे घालून गाडी उलाळ करून आनली का?” बैलगाडीत मागे माल जास्त झाला की जू वर उचलतं, ते उलाळ. रात्री मोर्शी रोडवर समोरचा प्रत्येक जण मला डिपर मारत होता, कारण माझे दिवे थेट त्यांच्या डोळ्यांत. दिव्याची उंची कमी करायचं बटण आहे हे मला तेव्हा आठवलं.

डाला रोज भरून जाणाऱ्यानं या भानगडीत पडू नये, पडलाच तर मागच्या पाट्यांचाही विचार करावा. माझी गाडी वर्षातले दहा महिने जवळपास रिकामी फिरते, म्हणून चालून गेलं. दुसऱ्या खेपेला बाबांनी स्वतः उभं राहून क्रेट केबिनला चिकटवून रचायला लावले, मागची दोन फूट जागा मोकळी. टेप लावला. क्रेट तेवढेच, मागे 86.