मासेमारीच्या टेलिस्कोपिक रॉडचा फॅमिली संच: काही महिने वापरल्यावर

ज्यांना घाई आहे त्यांच्यासाठी निकाल आधीच सांगून टाकतो. रॉड आणि रीळ घेण्यासारखे आहेत. सोबत मोफत म्हणून जे सामान येतं त्यातलं निम्मं लवकरच बदलावं लागतं. आणि मासे साफ करायला म्हणून जी सुरी दिलीय तिने फार तर आमिषाची पाकिटं फोडावीत.

संचात २.१ मीटरचा टेलिस्कोपिक (एकात एक सरकून मिटणारा) रॉड, २५०० आकाराचं स्पिनिंग रीळ, तंगूस (गळाची नायलॉनची दोरी), गळ, फ्लोट (पाण्यावर तरंगणारं बूच), शिशाची वजनं, खवले काढायची खरवडणी आणि ही सुरी, एवढं आहे. वापरणारे आम्ही चौघं: मी, बायको, बारा वर्षांची मुलगी आणि आठ वर्षांचा मुलगा. पाणी गोडं, म्हणजे नदी आणि तळी. लागतात ते अर्धा ते दीड किलोचे कार्प आणि तिलापिया, मधूनच एखादा मिशीवाला. याहून मोठ्या माशापुढे हा रॉड किती टिकेल, ते मला विचारू नका.

टेलिस्कोपिक रॉडबद्दल जाणकार नाक मुरडतात. पण चार माणसांचं सामान, पाण्याच्या बाटल्या आणि बर्फाची पेटी घेऊन चालायचं असेल तर हातभर लांबीत मिटणारा रॉड म्हणजे सुख आहे. उघडताना शेंड्याकडून, मिटताना बुडख्याकडून, हा नियम मात्र पाळायचा. मुलगा अजूनही तलवार उपसावी तसा झटक्यात उघडतो आणि मग सांधे इतके घट्ट बसतात की मिटता मिटत नाहीत. तेव्हा ओढाताण न करता हलकेच पिळून सोडवायचे. सांध्यांत वाळू गेली तर खरखर ऐकू येते, त्यामुळे घरी आल्यावर ओल्या फडक्याने पुसून रॉड उघडाच वाळवतो. रॉड कार्बनचा आहे आणि कार्बनमधून वीज वाहते. विजेच्या तारांखाली तो उभा धरायचा नाही आणि आभाळ गडगडायला लागलं की लगेच मिटायचा. बरोबर मुलं असतील तर हे पहिल्याच दिवशी बजावून ठेवावं.

तंगूस अधूनमधून विनाकारण तुटायला लागली तेव्हा तिला नावं ठेवण्याआधी रॉडवरच्या कड्या तपासल्या. प्रत्येक कडीच्या आत चिनी मातीसारखी गुळगुळीत रिंग असते. तिच्यातून कापसाचा बोळा फिरवला की बारीक तडा असेल तिथे कापसाचे तंतू अडकतात. शेंड्याच्या कडीत अडकले. कडी बदलल्यावर तुटणं कमी झालं, पण संचातली तंगूसही काही धड नव्हती. रिळावरून सुटली तरी वेटोळी तशीच राहायची. नायलॉन उन्हानेही कमजोर होतं, म्हणून आता १० पौंड ताकदीची नवी भरलीय. गाठ आवळण्याआधी ती थुंकीने ओली करायची, नाहीतर घर्षणाच्या उष्णतेने नायलॉन तिथेच दुबळं होतं.

या संचातली खरी कमाई म्हणजे रिळाचा ड्रॅग. माशाने जोर केला की तंगूस तुटण्याऐवजी रीळ तिला थोडी थोडी सोडतं, आणि हे सोडणं इथे गुळगुळीत आहे, धक्के बसत नाहीत. ताणकाटा लावून ड्रॅग तंगुसाच्या ताकदीच्या पाव ते एक तृतीयांशवर ठेवतो. १० पौंड म्हणजे साधारण साडेचार किलो, तेव्हा सव्वा-दीड किलोच्या ओढीला रीळ सुटलं पाहिजे. मासा ओढत असताना, म्हणजे रीळ सुटत असताना हँडल फिरवायचं नाही, हे मात्र शिकवावं लागतं. याचा गिअर ५.२:१ आहे, म्हणजे हँडल एकदा फिरवलं की तंगूस गुंडाळणारा भाग पाचेक वेळा फिरतो. हँडलच्या एका फेऱ्यात तंगुसाला पाचेक पीळ बसतात आणि पुढच्या फेकीला त्याचा गुंता होतो. "बाबा, मी फिरवतेय पण तो येतच नाहीये!" अशी हाक आली की मी एवढंच म्हणतो, "हात थांबव, रॉड वर घे." रॉड वर घ्यायचा, खाली आणताना गुंडाळायचं. मुलीला हे चांगलं जमतं, माझ्यापेक्षा तीच शांत असते.

संचातले गळ धारदार आहेत, पण प्रत्येकाच्या टोकाशी उलटा काटा आहे. मी तो पक्कडीने दाबून सपाट केला. आता गळ बोटात घुसला तरी सरळ निघतो आणि छोटा मासा किंवा पोटात गाभोळी असलेली मादी परत सोडायची असेल तर तिला इजा कमी होते. तंगूस सैल पडू दिली तर मासा सुटतो, तेवढी किंमत आम्हाला चालते. शिशाची वजनं मी सरळ बाजूला काढली. मुलं ती दातांनी दाबून बसवायला जातात. शिवाय पाणपक्ष्यांच्या पोटात शिसं जाऊन ते मरतात, म्हणूनच इंग्लंडमध्ये अशा बहुतेक छोट्या वजनांवर १९८७ पासून बंदी आहे. कथिलाची वजनं तेवढंच काम करतात, आकाराने थोडी मोठी असतात इतकंच.

आता स्वयंपाकघराची बाजू. संच 'फॅमिली' म्हणून विकायचा तर ही बाजू तितकीच महत्त्वाची, आणि बनवणाऱ्यांनी इथेच हात आखडला आहे. ठेवायचा मासा पिशवीत तडफडत ठेवत नाही. डोक्यावर एक फटका, कल्ल्यांत चीर देऊन रक्त जाऊ द्यायचं आणि मग बर्फ-पाण्यात. मांस पांढरं राहतं आणि वासही कमी येतो. खरवडणी उत्तम आहे. शेपटीकडून डोक्याकडे, आणि तेही पाण्याच्या घमेल्यात मासा बुडवून, म्हणजे खवले भिंतीवर उडत नाहीत. हे काम धाकट्याने स्वतःकडे घेतलंय. सुरीचं पातं मात्र जाड आणि ताठ आहे, काट्यांवरून वाकत नाही. शेवटी बायकोने लवचिक पात्याची वेगळी सुरी आणली आणि ती कुणाला हात लावू देत नाही.

पोट चिरताना टोक वरवर ठेवायचं, आतली हिरवट पित्ताची पिशवी फुटता कामा नये. फुटली तर तेवढा भाग लगेच धुवून कापून टाकायचा, नाहीतर तुकडा कडूजहर. कुणी ते पित्त औषध म्हणून द्यायला लागलं तर साफ नकार द्या. रोहू, गवत्या यांसारख्या कार्पच्या पित्ताने माणसांची मूत्रपिंडं निकामी झाली आहेत आणि शिजवूनही ते विष जात नाही. तसंच पाण्यावर हिरवी साय, म्हणजे विषारी असू शकणारं शेवाळ, आली असेल तर त्या दिवशी आम्ही गळच टाकत नाही.

गोड्या पाण्यातल्या माशाला मातकट वास येतो म्हणून अनेक घरांत तो आवडत नाही. हा वास चिखलाचा नसून जिओस्मिन नावाच्या द्रव्याचा असतो. पाण्यातले काही जिवाणू ते तयार करतात आणि ते माशाच्या चरबीत साठतं. एक अब्ज भागांत एका भागाहूनही कमी असलं तरी आपल्या नाकाला कळतं. म्हणून कातडी आणि कडेची लाल पट्टी काढतो, पोटातला काळा पापुद्रा घासतो, कण्यालगतचं रक्त चमच्याने खरवडतो आणि तुकड्यांना मीठ-लिंबू लावून थोडा वेळ ठेवतो. आंबटाने जिओस्मिनचं विघटन होतं. लिंबाने मांस पांढरं दिसलं तरी ते शिजलेलं नसतं, त्यातल्या कृमींच्या अळ्या लिंबाने मरत नाहीत. गोड्या पाण्यातला मासा कच्चा खायचाच नाही. जाड तुकड्याच्या मधोमध ६३ अंश सेल्सियस झालं, मांस दुधी होऊन पापुद्रे सुटायला लागले, की उतरवायचा.

कार्पचे दुबेळके काटे हा मुलांच्या ताटातला मोठा अडथळा. त्यावर आम्हाला लागू पडलेला उपाय असा: फिलेच्या (कण्यापासून सोडवलेल्या सपाट तुकड्याच्या) आतल्या बाजूने, दर तीन-चार मिलिमीटरवर, कातडी न कापता आडव्या चिरा द्यायच्या. सुरी काट्यांवरून जाताना करकर असा आवाज येतो, तो आला म्हणजे काटे तुटतायत. या तुकड्यांची कातडी आम्ही ठेवतो, नाहीतर त्यांचा भुगा होईल. मग गरम तेलात कुरकुरीत तळले की बारीक काटे जाणवत नाहीत. तरी धाकट्याला आम्ही तिलापियाच देतो, त्याच्या मांसात असले काटे नसतात. कार्पची डोकी आणि कणा रश्शाला जातात, आणि तो रस्सा माझ्या मते तळलेल्या तुकड्यांपेक्षा सरस लागतो. घरात यावर एकमत नाही.

रिळाच्या हँडलजवळ हल्ली बारीक किरकिर ऐकू येतेय. ग्रीस घालून बघतो, तेवढ्याने गेली नाही तर बेअरिंग बदलावं लागेल.