रेडिएटरच्या होस क्लिपा : पूर्ण स्टेनलेसच घ्या

कुंभार्ली घाटात गाडीच्या रेडिएटरचा वरचा होस (रबरी नळी) गळायला लागला. दोष होसचा नव्हता, क्लिपचा होता. पट्टीला आरपार खाचा असलेली स्वस्त क्लिप. रबर त्या खाचांत घुसून कापलं गेलं होतं.

आता ३२-५० मिमी व्यासाच्या, १२ मिमी रुंद पट्टीच्या क्लिपा बसवल्यात. खाचा नुसत्या दाबून उठवलेल्या, कडा वळवलेल्या. होसवर ओरखडाही नाही! घेताना क्लिपवर 'डब्ल्यू४' बघा, म्हणजे पट्टी-स्क्रू सगळं स्टेनलेस. 'डब्ल्यू२'मध्ये पट्टी स्टेनलेस, पण स्क्रू मुलामा दिलेला साधा. आमच्या चिपळूणच्या पावसात तोच आधी गंजतो. आवळायला ७ मिमीचा पाना वापरा, स्क्रूड्रायव्हर घसरतो.

कंपनीच्या स्प्रिंग क्लिपा शाबूत असतील तर मात्र काढू नका. रबर तापलं-निवलं तरी त्या पकड सोडत नाहीत.