उपवनची रनिंग बॅच, तीन महिन्यांनंतर
ठाण्यात उपवन तलावापाशी सकाळी रनिंगची बॅच असते तिथे मला तीन महिने झाले, सोसायटीतल्या बऱ्याच जणी विचारतात म्हणून एकदाच सगळं लिहिते. मी राहते वर्तकनगरला, वय ४३. आधी एका जिमला जायचे, तिथे पहिल्या दिवसापासून ट्रेडमिलचा स्पीड वाढवून ठेवायचे आणि धाप लागली की म्हणायचे फॅट जळतंय, दोन महिन्यांत सोडलं मी.

इथले सर पहिल्या आठवड्यात कट्ट्यावर बसवून शरीराला पळायला ताकद कुठून मिळते तेच सांगतात. स्नायूला थेट चालतं ते फक्त एटीपी, म्हणजे पेशीतलं एनर्जी देणारं रसायन, आणि ते आत असतं जेमतेम २-३ सेकंदांपुरतं, मग क्रिएटिन फॉस्फेट हा स्नायूतलाच दुसरा साठा भर घालतो पण तोही १० सेकंदांच्या आसपास संपत येतो. सुटलेली बस पकडायला आपण धावतो ना, ते याच्यावर. त्यापुढेही जोर लावून पळालं तर मुख्यतः ग्लुकोज ऑक्सिजनशिवाय फोडलं जातं, एनर्जी पटकन मिळते पण एका ग्लुकोजमागे दोनच एटीपी. तेच ऑक्सिजन पुरला तर मायटोकाँड्रियापर्यंत (पेशीतली एनर्जी बनवणारी केंद्रं) जाऊन ३० च्या आसपास निघतात! म्हणून इथे हळू पळवतात, शेजारणीशी बोलता आलं पाहिजे इतकंच, आणि सरावाने मायटोकाँड्रियाही वाढतात. खरंच, पहिल्या महिन्यात मी २ किलोमीटरला थांबायचे, आता ६ होतात.

जवळच्या येऊरच्या डोंगराचा चढ मात्र मी पहिल्यांदा सगळा जोर लावून पळत चढले आणि दुसऱ्या वळणाला पाय उचलेनात. त्यानंतर दोन दिवस जिना उतरताना मांड्या दुखत होत्या, मी सरांना म्हटलं, जोरात पळताना स्नायूत तयार होतं ते लॅक्टिक अ‍ॅसिड साठलंय. ते म्हणाले नाही हो ताई, ते तासाभरात निघून जातं, लिव्हर त्यातल्या काहीचं परत ग्लुकोज करतं, हे दुखणं स्नायूंच्या तंतूंना बारीक इजा झाल्याचं आणि उतारावर पळालं की जास्तच. घरी येऊन वाचलं तर लिव्हरमध्ये परत ग्लुकोज होण्याच्या या चक्राला कोरी या शास्त्रज्ञ नवराबायकोचं नाव आहे, दोघांना १९४७ चं नोबेल मिळालं आणि वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालेल्या गर्टी कोरी पहिल्या बाई. मला फार भारी वाटलं, मुलीलाही सांगितलं.

खटकलं ते एवढंच की तीसेक जणांना एकच सर आहेत, मागे राहणाऱ्यांकडे कोणी बघत नाही, पळण्याची स्टाइल तपासून घ्यायची तर आपणच मागे लागावं लागतं. रविवारी पार्किंग मिळत नाही. फी तीन महिन्यांची साडेचार हजार, मला पटली.

येणार असाल तर निघायच्या तासभर आधी केळं खा आणि पावणेसहाच्या आत पोहोचा, वॉर्मअप चुकला तर सर त्या दिवशी पळू देत नाहीत.