पांढरी किचन कपाटं पिवळी पडलीत: धुवायची, रंगवायची की शटर बदलायची?

सुताराला किंवा पेंटरला बोलवण्याआधी गॅसजवळच्या एका शटरचं हँडल काढा. त्याखाली दिसतो तो कपाटाचा मूळ रंग. फक्त ऑइल पेंट झाकलेल्या जागीही पिवळा पडतो, त्याची ओळख पुढे सांगितली आहे. आता शेजारचा वीतभर भाग कोमट पाणी आणि भांड्यांच्या लिक्विडने दोनदा पुसा. तो हँडलखालच्या रंगाला मिळाला, तर वर फोडणीचा चिकटा होता. पिवळाच राहिला, तर रंगच बदललाय. पुढचा सगळा खर्च यावर ठरतो.

चिकटाच असेल तर धुण्यापलीकडे काही करू नका. जुन्या थराला खाण्याच्या सोड्याची पातळ पेस्ट पाच मिनिटं लावा, मऊ फडक्याने पुसा, लगेच कोरडं करा. तारेची घासणी आणि थिनर अजिबात नको. अ‍ॅक्रिलिकवर (चकचकीत प्लास्टिक शीटवर) आणि चकचकीत पीयूवर (पॉलियुरेथेन रंगावर) ओरखडे कायमचे राहतात. हळदीच्या डागाला ऊन हा चांगला उतारा आहे. शटर बिजागरीतून सोडवून एक दुपार गॅलरीत ठेवा, डाग फिका पडतो. पण एकच दुपार. सततच्या उन्हाने पांढरा रंग पिवळा पडतो. पश्चिमेच्या खिडकीसमोरची शटर आधी खराब होतात ती त्यामुळेच.

रंगवणं परवडतं ते ऑइल पेंट किंवा पीयूच्या शटरना. बंद कपाटाची आतली बाजू बाहेरच्यापेक्षा पिवळी दिसत असेल, तर तो बहुधा ऑइल पेंट. तो अंधारातही पिवळा पडतो. त्यावर पुन्हा ऑइल पेंट मारला तर काही वर्षांत तीच गत. चिकटा पूर्ण काढून पॉलिश पेपर, प्रायमर आणि मग पाण्यात मिसळणारा इनॅमल, असं करून घ्या. नाशिकमध्ये यासाठी फेब्रुवारी-मार्च उत्तम. पावसाळ्यात रंग लवकर वाळत नाही, थंडीत पारा १० अंशांखाली गेला की पाण्याचा रंग नीट धरत नाही, आणि दिवाळीआधी पेंटर दोन हातांमध्ये पुरेसं थांबायला तयार नसतात.

सनमाईका मात्र रंगवू नका असंच मी सांगेन. गुळगुळीत पृष्ठभागावर रंगाची पकड कच्ची राहते आणि हँडलभोवती तो आधी निघतो. सनमाईकाच पिवळी पडली असेल किंवा गॅसच्या उष्णतेने मेंब्रेनचा, म्हणजे शटरवर चिकटवलेल्या प्लास्टिकच्या थराचा, पापुद्रा सुटला असेल, तर शटर बदला. सांगाडा ठेवता येईल का, ते सिंकखालच्या फळीवर नख दाबून बघा. फळी टणक असेल तर सगळं किचन तोडायला सांगणाऱ्याचं ऐकू नका. फुगली असेल तर तेवढा भाग आयएस ७१० चा (पाण्यात टिकणाऱ्या मरीन प्लायच्या भारतीय मानकाचा) शिक्का असलेल्या प्लायवूडमध्ये नवा करून घ्या.

दोन-तीनच शटर बदलायची असतील, तर जुन्या पांढऱ्याशी नवा पांढरा जुळत नाही. त्यापेक्षा ओट्याखालची पूर्ण रांग मॅट राखाडी करा आणि वरची पांढरी धुऊन ठेवा.